भिंतीआडची नळी



घर पाहावयास आलेला पाहुणा दिवाणखाना पाहतो, स्वयंपाकघर पाहतो, गच्चीवर जाऊन वारा कसा येतो तेही पाहतो. परंतु यजमानाने त्याला "आता आमच्या भिंतीतल्या नळ्या पाहा" असे म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. नळी ही वस्तूच अशी आहे की, एकदा तिच्यावर गिलावा चढला की ती घरातल्या माणसांच्या मनातूनही पुसली जाते. पुढे वीस-तीस वर्षांनी भिंतीवर ओल फुटते, तोटीतून तांबडे पाणी येते, आणि मग घरात हातोड्याचे घाव पडू लागले म्हणजे तिची आठवण होते. या विसरल्या गेलेल्या नळीविषयी चार शब्द आपल्यापुढे मांडावयाचे आज मी योजिले आहे.

मी राहते ती भोपाळची अशोका गार्डन वस्ती शहराच्या पूर्वेकडच्या भागात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूरची कचेरी सोडून कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. त्याच वर्षी 'हेवी इलेक्ट्रिकल्स'ची स्थापना झाली आणि गोविंदपुऱ्याच्या बाजूला कारखाना व त्याची वसाहत उभी राहिली. शहर पूर्वेकडे पसरत गेले. एकमजली घरांवर दुसरा मजला चढला, मुलाच्या लग्नानंतर तिसरा चढला, तळमजल्यावर भाडेकरू आले. माणसे वाढली, मजले वाढले, टाक्या वाढल्या. भिंतीतील जुन्या नळ्या मात्र अनेक घरांतून होत्या त्याच राहिल्या. आता त्यांची मुदत भरत आली आहे. कोणत्या ना कोणत्या घरासमोर गंजलेल्या लोखंडी नळ्यांची मोळी पडलेली आणि तिच्या शेजारी पांढऱ्या किंवा दुधाळ पिवळसर प्लास्टिकच्या नळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, हे दृश्य आमच्याकडे नित्याचे झाले आहे. आपल्या गावीही ते असेलच.

परदेशातील लेखांतून या विषयाची चर्चा वाचली, तर तेथे तांबे काढून प्लास्टिक घालावे की नाही, असा वाद आढळतो. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकात शिशाच्या नळ्या मागे पडल्या आणि घरोघर तांब्याच्या नळ्या आल्या. आज त्या जुन्या होऊन त्यांच्या जागी प्लास्टिक येत आहे. आपल्याकडे तांबे भिंतीत कधी फारसे गेलेच नाही. ते महाग; ते शोभले हंड्यात, घागरीत, न्हाणीघरातील बंबात, आणि सकाळी अनशापोटी पाणी प्यावयाच्या तांब्यात. आपल्या भिंतीत गेले ते जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, ज्याला बाजारात 'जीआय' म्हणतात. तेव्हा आपल्यापुढील प्रश्न लोखंड आणि प्लास्टिक यांच्यामधला आहे. असे असले तरी तांब्याला मी या चर्चेतून वगळणार नाही. कारण पाणी आणि भांडे यांच्या नात्याचा पहिला धडा आपल्या घरांना तांब्यापितळेनेच दिला आहे.

तो धडा म्हणजे कल्हई. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आजीला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकविले नव्हते. आंबट पदार्थ धातूला खातो, धातू पदार्थात उतरतो, चव बिघडते आणि पोटही बिघडते, हे ज्ञान 'कळकणे' या एका क्रियापदात साठविलेले होते. म्हणून कल्हईवाला दारात आला की आजी त्याच्यासमोर पाट टाकून बसे. भट्टी पेटली का, नवसागर नीट पडला का, कथलाचा हात कडेपर्यंत फिरला का, हे ती डोळ्यांत तेल घालून पाही. कोणतेही भांडे आपला थोडासा अंश आपल्यातल्या पदार्थाला देतेच. प्रश्न एवढाच की, काय देते आणि किती देते. नळीसुद्धा भांडेच आहे. केवळ लांब आणि अरुंद. मात्र तिच्यापुढे पाट टाकून कोणी बसत नाही.

प्रथम लोखंडाची हकीकत पाहू. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीत जस्त हे लोखंडाच्या वतीने झिजते. स्वतः विरघळते आणि लोखंडाला सांभाळते. हा मुलामा संपला की लोखंड उघडे पडते आणि गंजू लागते. पाण्याच्या प्रकृतीप्रमाणे ही नळी वीस वर्षे टिकेल, नाहीतर चाळीस. बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे साबणाला सहज फेस न येऊ देणारे असते. त्यातील क्षार नळीच्या आतल्या अंगावर बसतात. गंज आणि क्षार मिळून नळीचे तोंड आवळत जातात. नळीचा आतील व्यास निम्मा उरला, तर पाणी जाण्याची जागा निम्मी उरत नाही, ती चतुर्थांश उरते. आणि आतली बाजू खडबडीत झाल्यामुळे प्रत्यक्षात वाहणारे पाणी त्याहूनही कमी होते. वरच्या मजल्यावरची सून "पाणीच येत नाही" म्हणून तक्रार करते, आणि घरातील मंडळी महानगरपालिकेला दोष देतात. दोषी मात्र भिंतीच्या आत बसलेला असतो.

गरम पाण्याच्या बाबतीत लोखंडाची आणखी एक अडचण आहे. सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर पाणी तापले, तर काही प्रकारच्या पाण्यात जस्त आणि लोखंड यांची भूमिका उलटी होते. जस्त लोखंडाला सांभाळीनासे होते आणि लोखंडच खाल्ले जाऊ लागते. शिवाय अनेक गीझरांत पाणी तापते ते तांब्याच्या टाकीत किंवा वेटोळ्यात. तेथून निघालेले पाणी तांब्याचा सूक्ष्म अंश घेऊन पुढच्या जस्ती नळीत जाते. तो अंश जस्तावर बसतो आणि त्या ठिकाणी बारीक खड्डे पडतात. गीझरपुढची लोखंडी नळी पुष्कळदा लवकर का फुटते, याचे एक कारण हे आहे. दोन धातू आणि पाणी एकत्र आले की तेथे एक लहानशी बॅटरी तयार होते, हे आठवी-नववीचे विद्यार्थी शिकतात. त्यांच्या घरच्या न्हाणीघरात तोच प्रयोग वर्षानुवर्षे चालू असतो.

असे हे लोखंड. परंतु त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. ते आपला दोष बोलून दाखविते. सकाळचे पहिले पाणी तांबूस येते, पांढऱ्या कपड्यावर डाग पडतो, तोटीची धार बारीक होते. तांबेही बोलते, पाणी आम्लधर्मी असेल तर मोरीवर हिरवे-निळे डाग उमटतात, तोंडात कळकट चव येते. धातू आजारी पडला की कण्हतो. प्लास्टिक मात्र मुके आहे. ते गंजत नाही, रंग सोडीत नाही, पाण्याला चव देत नाही. आणि त्यात काही उणे असलेच तर तेही सांगत नाही. माझ्या आजच्या भाषणाचे सार म्हणाल तर हेच: जी वस्तू पुढे बोलणार नाही, तिला जे विचारावयाचे ते भिंत बुजविण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

याचा अर्थ मी प्लास्टिकच्या विरुद्ध आहे असा कृपा करून करू नये. त्याचे गुण मोठे आहेत. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे आपले पीव्हीसी, १८७२ साली बाउमान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती प्रथम लागले; १९३०च्या दशकात जर्मनीत त्याच्या नळ्या पाण्यासाठी घालण्यात आल्या. ती नळी हलकी, आतून गुळगुळीत, आणि क्षारांना सहज चिकटू न देणारी. आटे पाडावयाचे श्रम नाहीत, सफेदा आणि सूत गुंडाळण्याचा खटाटोप नाही. आणि तो जुना सफेदा म्हणजे तरी काय? मुळात तेलात कालवलेली शिशाची पांढरी भुकटी. लोखंडी नळीचे दिवस निर्मळ होते असे मानण्याचे कारण नाही. किमतीने तर प्लास्टिकने तांब्याला केव्हाच मागे टाकले आहे. मध्यम स्थितीतील कुटुंबाने ते निवडावे, हे योग्यच आहे. मात्र निवडताना पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न शिशाचा. पीव्हीसी तापवून नळीच्या साच्यातून काढताना ते उष्णतेने विघटित होऊ पाहते. ते होऊ नये म्हणून त्यात एक स्थिरकारक मिसळावा लागतो, आणि आपल्या देशात दीर्घकाळ त्यासाठी शिशाची संयुगे वापरली जात. नळीच्या आतल्या पृष्ठभागावरून हे शिसे थोडेथोडे पाण्यात उतरू शकते. केंद्र सरकारने २०२१ साली पीव्हीसी नळ्यांतील शिशाच्या स्थिरकारकाविषयी स्वतंत्र नियमच केले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी अल्प ठेविली आहे. आणि लहान मुलांच्या बाबतीत तर अमुक इतके शिसे निर्धोक, अशी कोणतीच मात्रा जागतिक आरोग्य संघटनेला ठाऊक नाही. शिसे मुलाच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करते; लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही. मी शिक्षिका आहे, म्हणून हा प्रश्न मला पहिला वाटतो. मागच्या बाकावरच्या मंद दिसणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. त्याच्या पाण्यात काय आहे, हे आपण कधी पाहत नाही. तेव्हा नळी घेताना ती शिसेविरहित आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे, आणि नळीवर छापलेला मानक क्रमांक स्वतः वाचावा. थंड पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी नळीसाठी भारतीय मानक ४९८५ आहे, गरम व थंड पाण्याच्या सीपीव्हीसी नळीसाठी १५७७८ आहे. १३५९२ हा क्रमांक सांडपाण्याच्या नळीचा. ती कितीही स्वस्त पडली तरी पिण्याच्या पाण्याला लावावयाची नाही. जेथे पूर्वी जुन्या पीव्हीसी नळ्या घातल्या आहेत, तेथे निदान एवढे करावे की, रात्रभर नळीत तुंबलेले सकाळचे पहिले पाणी प्यावयास न घेता भांडी घासावयास किंवा फरशी पुसावयास घ्यावे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी ही नावे कानाला सारखी लागतात, परंतु स्वभाव निराळे आहेत. साधी यूपीव्हीसी नळी सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. गीझरच्या पाण्याने ती मऊ पडते. सीपीव्हीसीमध्ये क्लोरीनचे प्रमाण वाढविलेले असल्यामुळे ती कमी दाबाखाली ९० अंशांच्या आसपासचे पाणीही सोसते. पैसे वाचविण्यासाठी थंड पाण्याची नळी गरम पाण्याला लावणे, हा व्यवहार पहिल्या थंडीतच अंगाशी येतो. दोहोंचे सांधे जोडावयाचे रसायनही निराळे असते. एकाचे दुसऱ्याला चालत नाही. आणि सांधा जोडल्यावर तो पक्का होण्यासाठी डब्यावर जितके तास लिहिले असतील तितके थांबावे लागते. घरात पाणी नाही म्हणून आपण प्लंबरला घाई करतो, आणि त्या घाईचे व्याज पुढे भिंत वसूल करते.

उष्णतेबरोबर प्रसरण आले. दहा मीटर लांबीची सीपीव्हीसी नळी तीस अंशांनी तापली, तर ती जवळजवळ दोन सेंटिमीटरने लांबते; तेवढीच लोखंडी नळी चार मिलिमीटरनेही वाढत नाही. सिमेंटमध्ये घट्ट आवळून टाकलेल्या प्लास्टिकच्या नळीला हालचालीला जागा नसेल, तर ताण सगळा सांध्यावर जातो. कुशल कारागीर तिला वळण देतो, भिंतीतून जाताना भोवती मोकळी जागा ठेवतो. तोटीच्या जागी पितळी आटे बसविलेला जोड घालावा. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यावर तोटी पिळून बसविली तर तो चिरतो.

तिसरा प्रश्न उन्हाचा. भोपाळच्या मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि गच्चीवरील टाकीपासून निघालेल्या नळ्या दिवसभर त्या उन्हात पडून असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होते. गच्चीवरची नळी झाकावी, किंवा तिला पाण्यात कालवलेल्या रंगाचा हात द्यावा. तैलरंगातील द्रावक सीपीव्हीसीला अपाय करू शकतात. एवढा साधा उपचार केला नाही, तर पाच-सहा उन्हाळ्यांनंतर एखाद्या माकडाने उडी मारली तरी नळी मोडते. आणि भोपाळच्या गच्च्यांवर माकडांना मज्जाव नाही, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको.

चौथा प्रश्न विजेचा आहे. नळाच्या चर्चेत वीज कोठून आली, असे आपणांस वाटेल. जुन्या कितीतरी घरांत वायरमनने अर्थिंगची तार सरळ पाण्याच्या लोखंडी नळीला बांधलेली असते. लोखंड जमिनीत गेलेले. विजेला तो मार्ग बरा. आता ती नळी काढून तिच्या जागी प्लास्टिक घातले, तर पाणी उत्तम येते, पण घराचे अर्थिंग त्याच क्षणी नाहीसे होते, आणि त्याचा काहीही आवाज होत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात. आमच्या गल्लीतील एका घरी न्हाणीघर नवे केल्यावर फ्रिजला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. फ्रिज बिघडला म्हणून तो दुरुस्तीस नेला. त्यात दोष सापडेना. शेवटी एका वृद्ध वायरमनने विचारले, "बाई, जुना नळ केव्हा काढला?" त्या घरी मुंग्यांवर निभावले, ओल्या अंगाने गीझरची तोटी धरणाऱ्यावर प्रसंग याहून कठीण येऊ शकतो. म्हणून नळ बदलण्याच्या दिवशी प्लंबरइतकाच वायरमनही बोलवावा, अर्थिंगचा खड्डा स्वतंत्र आहे का हे तपासावे, आणि गळणारी वीज ओळखून प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र बसवून घ्यावे.

पाचवा प्रश्न जमिनीचा. लोखंड आणि तांबे जमिनीतील तेले व द्रावके आत येऊ देत नाहीत. प्लास्टिकची गोष्ट तशी नाही. विशेषतः जमिनीखाली घालतात त्या काळ्या पॉलिएथिलीनच्या नळीतून पेट्रोल, बेंझीन यांसारखी द्रव्ये भिंत भेदून पाण्यात शिरू शकतात. भोपाळकरांना जमिनीची स्मृती किती दीर्घ असते हे निराळे सांगावयास नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ची ती रात्र हवेतून आली. परंतु युनियन कार्बाइडच्या आवाराभोवतालच्या भूजलाचे दुखणे त्यानंतरही उरले, आणि २००४ साली तेथील वस्त्यांना शुद्ध पाणी नळाने पुरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. आपल्या घराची नळी एखाद्या गॅरेजच्या, पेट्रोलपंपाच्या किंवा जुन्या कारखान्याच्या जमिनीतून येत असेल, तर तेवढ्या अंतरापुरता धातूच बरा.

आता इतरांचे अनुभव थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९७८ पासून १९९५ पर्यंत पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकच्या नळ्या लक्षावधी घरांत घातल्या गेल्या. स्वस्त, लवचिक, बसवावयास सोप्या. पाण्यातील क्लोरीनने त्या आणि त्यांचे सांधे आतून ठिसूळ होत गेले. फुटेपर्यंत बाहेरून काहीच दिसले नाही. अखेर प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपन्यांना फार मोठी भरपाई द्यावी लागली. मुकेपणाची किंमत ती हीच. दुसरा दाखला मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराचा. २०१४ साली तेथे पाण्याचा उगम बदलून नदीचे पाणी घेतले गेले. नळ्या तशाच होत्या. नव्या पाण्याला नळीस खाण्यापासून आवरणारे द्रव्य त्यात मिसळले नाही, आणि जुन्या नळ्यांतील शिसे मुलांच्या पेल्यात उतरले. नळी आणि पाणी यांचा संसार दोघांचा आहे. एक बदलला की दुसऱ्याचे वागणे बदलते. भोपाळनेही आपले पाणी वाढविले आहे. अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा बडा तलाव, मग कोलारचे धरण, मग नर्मदा, आणि यांत घरोघरच्या बोअरची भर. एकाच टाकीत दोन उगमांचे पाणी पडत असेल, तर वर्षातून एकदा पाण्याची तपासणी करून घेण्यात शहाणपण आहे.

याच भोपाळात एकोणिसाव्या शतकात कुदसिया बेगम यांनी स्वतःच्या पैशाने शहराला नळाचे पाणी दिले आणि त्याबद्दल रयतेकडून कर घेतला नाही. सार्वजनिक नळ्यांची काळजी एका राणीने वाहिली. आज रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीपर्यंतची काळजी नगरपालिका वाहते. घराच्या आतली आपण वाहतो. परंतु या दोहोंमधला एक तुकडा असतो, मुख्य वाहिनीपासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचा; आणि तो बेवारस राहतो. बहुतेक जुन्या वस्त्यांत हा लोखंडी तुकडा गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच येतो. गटारात तो सर्वांत आधी गंजतो. आपल्याकडे पाणी दिवसाचे काही तासच सुटते. ते बंद असताना नळी रिकामी होते, आणि त्यातच कोणी मोटर लावून सरळ वाहिनीतून पाणी ओढले तर त्या छिद्रातून गटाराचे पाणी आत खेचले जाते. मग ते आपल्या नव्या कोऱ्या, शिसेविरहित, मानकाप्रमाणे घेतलेल्या नळीतून अतिशय सुरळीतपणे स्वयंपाकघरात पोहोचते. लोक न्हाणीघरातील फरशी बदलावयाची म्हणून आतल्या नळ्या बदलतात आणि हा बाहेरचा तुकडा ठेवून देतात. माझी विनंती अशी की, पैसा थोडाच असेल तर आरंभ येथून करावा. अधिकृत परवानगी घेऊन हा तुकडा सांध्यावाचून एकसंध नळीचा करावा, आणि तो गटाराच्या वरून किंवा वेगळ्या बाहेरच्या नळकांड्यातून न्यावा. उरलेले काम पुढच्या वर्षी झाले तरी चालेल.

काही भगिनी म्हणतील, हे सर्व प्लंबरचे काम. आम्हांस त्यातले काय कळते? रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका वयोवृद्ध बाईंनी मला नेमके हेच विचारले होते. मी त्यांना म्हटले, कल्हईतले तरी आपल्या आजीला रसायन कोठे कळत होते? तिला पाहावयाचे काय ते कळत होते. नळीच्या बाबतीतही पाहावयाच्या गोष्टी मूठभर आहेत. नळीवरचा क्रमांक वाचावा. सर्व सांधे झाल्यावर आणि गिलावा करण्यापूर्वी, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाणी भरून काही तास नळ्या तपासून घ्याव्यात. ही तपासणी प्लंबरकडे मागितली तर तो नाही म्हणत नाही, मात्र आपण मागितली नाही तर तो आपणहून करीलच असे नाही. आणि भिंत बुजविण्यापूर्वी तिचे एक छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे पुढे खिळा ठोकणाऱ्याला नळी कोठून गेली आहे ते समजेल. त्या छायाचित्राबरोबर नळीचे बिल आणि तारीख एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांत ठेवावी. आपल्या मागून त्या घरात राहणाऱ्यांना ते पाकीट दागिन्याइतके उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट भाडेकरूंविषयी. मालक वरच्या मजल्यावर नव्या नळ्या घालतो आणि तळमजल्याच्या जुन्या तशाच ठेवतो, असे अनेकदा घडते; कारण तेथे भाडेकरू राहतो. तळमजल्यावरचे मूलही त्याच शाळेत जाते. पाण्याच्या बाबतीत मजल्यांचा भेद करू नये, एवढेच नम्रपणे सुचविते.

रोममध्ये शिशाच्या नळ्या होत्या, आणि विट्रुव्हियस नावाच्या तेथील वास्तुकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेविले होते की, शिशापेक्षा मातीच्या नळीतील पाणी अधिक आरोग्यकारक; शिशाचे काम करणाऱ्यांचे चेहरे पाहा, कसे फिकट पडले आहेत. म्हणणे बरोबर होते. तरीही त्याच्यानंतर शतकानुशतके माणसे शिशाच्या नळीतून पाणी पीत राहिली. ज्ञान उपलब्ध होते, परंतु नळी जमिनीखाली होती, आणि जे दिसत नाही त्याची घाई कोणाला नसते. आपल्यापुढेही ज्ञानाचा तुटवडा नाही. भिंत उघडी असते ते चार दिवसच काय ते आपल्या हातात असतात. त्या चार दिवसांत पाट टाकून समोर बसावे, आणि विचारावयाचे ते विचारून घ्यावे.